पाणमांजरांचा ठावठिकाणा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेली, नकाशे उतरवून काढणारी ट्रेसर, लिहून ठेवते की हा कागद मी कोणाच्या भरीस न पडता, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने करीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता दोन खोल्यांचा फ्लॅट सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावे. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही असे नव्हे. पुष्कळदा दिले, पण तोंडावर दिले.

२. बँकेतील ठेव मुलगा आणि सूनबाई दोघांना निम्मी-निम्मी. भांडावे इतकी ती मोठी नाही.

३. माझ्या दिवंगत पतींचे गळाचे सात दांडे, रिळे आणि गळाला आमिष म्हणून लावायच्या पिसांच्या खोट्या माश्यांची पेटी मुलाने घ्यावी. नको असल्यास भंगारात द्यावी. या सामानापायी बावीस वर्षे आमची प्रत्येक मोठी रजा परदेशातल्या कुठल्या ना कुठल्या नदीवर गेली. समुद्र मी पाहिला तो विमानातून. हे कमरेभर पाण्यात आणि मी काठावर जाळे धरून. मासा लागला की हाक यायची, "अगं, जाळं! झोपलीस का?" मासा मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, एवढ्यासाठी हा आटापिटा. जाळे धरणारी एकाही फोटोत नाही.

४. काठावर बसून करायचे काय, म्हणून मी प्राणी पाहू लागले आणि नोंदींची वही ठेवली. दिवस, वेळ, कोणता काठ, कोणत्या झाडापासून किती पावले. नोकरीच तशी होती. चुकीची जागा दाखवणारा नकाशा मी माझ्या टेबलावरून कधी पुढे जाऊ दिला नाही.

अकराव्या वर्षी एका वळणावर, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखाली पाणमांजराचे बीळ दिसले. मादी आणि दोन पिल्ले. धाकटे पाण्याला घाबरत होते. आईने त्याला मानगुटीला धरून ओढले. दीड तास मी हललेही नाही. त्या नदीत कित्येक वर्षांत कोणाला पाणमांजर दिसले नव्हते. जेवताना मी ते ह्यांना सांगितले. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते.

सकाळी हे लॉजच्या मालकाला सांगत होते, "मी स्वतः पाहिलं, अगदी दहा पावलांवरून!" पुढच्या वर्षी लॉजच्या भिंतीवर ह्यांचा फोटो होता आणि वळणावर पाहुण्यांच्या चार होड्या. बीळ रिकामे. मी विचारले, "पिल्लं कुठे गेली असतील हो?"

"मला काय विचारतेस? पुढच्या वळणावर दुसरी बघ."

त्या दिवसापासून मी वहीत जागा खोट्या लिहू लागले. हे माझी वही चोरून वाचतात हे मला ठाऊक होते. प्राणी खरा, दिवस खरा, काठ मात्र डाव्याचा उजवा. खऱ्या जागा डोक्यात. त्यानंतर दरवर्षी ह्यांनी लॉजवाल्यांना मोठ्या तोऱ्यात नेले आणि तोंडघशी पडले. मला आनंद झाला. गेलेल्या माणसाबद्दल असे लिहू नये म्हणतात. मी लिहिले.

५. ही वही मुलाला. तशी ती त्याने घेतलीच आहे. मी इस्पितळात असताना त्याने पानन् पान मोबाइलवर टिपले आणि आता तो परदेशी मासेमारीच्या आणि प्राणी दाखवायच्या सहली काढतो. आयत्या बिळावर नागोबा. गिऱ्हाइके तक्रार करतात तेव्हा मला म्हणतो, "आई, हल्ली प्राणीच उरले नाहीत गं." एकदा जरी म्हणाला असता, "आई, तू चल, तूच दाखव," तर सगळे सांगितले असते. दोन वर्षे वाट पाहिली. पासपोर्टही नवा करून घेतला होता.

६. गेल्या महिन्यात सूनबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, त्या जागा तुम्ही मुद्दाम चुकवल्यात ना? मी असते तर मीही तेच केलं असतं. खऱ्या मला तरी सांगा. मी ह्यांना सांगणार नाही."

तिच्यावर माझा विश्वास आहे. मी कागद घेतला, नदी काढली, वळणे काढली आणि हात थांबला. डावा काठ की उजवा? डोळे मिटले तर वहीतले खोटेच दिसे, तेही माझ्या वळणदार अक्षरात. दुसरी नोंद घेतली, तिसरी घेतली, तेच. "नंतर सांगते," म्हणून मी चहा ठेवायला उठले. तिने पुन्हा विचारले नाही. सासूने तिच्यापासूनही लपवले, असे तिला वाटत असेल. ते तसे नाही. मला आता आठवत नाही.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: अकरा, शुक्रवार, दुपारी.

(सही) लिहून देणार

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमक्ष सही केली:
१. दाखला देणारे डॉक्टर.
२. तळमजल्यावरचा चष्मेवाला. याने माझी दुर्बीण तीनदा दुरुस्त केली. तिच्यातून काय पाहिले, हे एकदाही विचारले नाही.