लाल पिनेचा आवाज

अण्णा, होम थिएटर म्हणजे काय ते तुम्हाला आधी सांगावं लागेल, कारण ते हिंगोलीच्या आमच्या घरी आलं तेव्हा तुम्हाला जाऊन काही वर्षं झाली होती. टीव्हीचा आवाज टीव्हीतून येतच नाही. तो तारेनं एका जड काळ्या पेटीत जातो, तिला रिसीव्हर म्हणतात, आणि तिथून खोलीभर ठेवलेल्या स्पीकरांतून बाहेर येतो. डावीकडे एक, उजवीकडे एक, मागे दोन, शिवाय जमिनीवर धडधडायला एक ठोकळा. दोन खोल्यांच्या घरात हे लटांबर कशाला, असं तुम्ही म्हणाला असतात. मीही म्हणाले. तुमचे जावई म्हणाले, "अगं, थेटरात बसल्यावानी वाटतंय." हौसेला मोल नसतं, म्हणून मी कोपरा झाडून जागा करून दिली.

त्याआधी तुम्ही लग्नात दिलेला टीव्ही होता. माहेराहून, वारंगा फाट्यावरून, तुमच्याच भाड्याच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, गादीत गुंडाळून, स्वतः आणून पोचवलात तो. त्याच्या मागे दोनच भोकं होती, एक पिवळं आणि एक पांढरं. पुढे आम्ही सीडी प्लेयर घेतला, तर त्याच्या तारेला पिना तीन. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. लाल पिनेला टीव्हीत जागाच नव्हती. आवाज तर पांढरीतून येत होता, मग लालवाचून काय अडलंय? जावयांनी तिला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वर रबर लावलं, धूळ जाऊ नये म्हणून. गल्लीत ज्यांच्याकडे असा जुना टीव्ही होता त्या सगळ्यांच्या घरी ती लाल पिन अशीच मागे लोंबकळायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्या लग्नाची सीडी त्याच टीव्हीवर आम्ही कितीदा पाहिली. शूटिंगवाल्यानं सगळ्यावर एकच सनई लावली होती. त्रिशरण-पंचशील चाललंय, सनई. पंगत बसलीय, सनई. तुम्ही पंगतीतून फिरता, कुणाला तरी हाक मारता, तुमचे ओठ हलतात आणि सनई ऐकू येते. तुम्ही होतात तोवर आम्ही हसायचो, "अण्णा सनई वाजवून राहिले!" तुम्ही गेल्यावर हसू गेलं. तुमचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. मोबाइल तुमच्या हाती आला नाही आणि टेपसमोर बोलायचा तुमचा स्वभाव नव्हता. हळूहळू असं व्हायला लागलं की तुमचं बोलणं आठवायचं, पण माझ्याच आवाजात. एखाद्याला दुसऱ्यांदा पुरावं तसं ते होतं, अण्णा. मला त्याची भीती वाटायची.

आणि सीडीच्या शेवटी ती पाठवणी. सगळ्या बाया गळ्यात पडून रडतायत, माय रडतेय, आणि तुम्ही माझ्याकडे आलाच नाहीत. तुम्ही वऱ्हाडाच्या गाडीच्या पलीकडच्या दाराशी उभे, कॅमेऱ्याकडे पाठ. आत वाकून कुणाशी तरी बोलता, हात दोनदा हलतो, मग मागे न बघता लिंबाखाली जाऊन उभे राहता. मला एक शब्द नाही. बापानं लेकीला निघताना एक शब्द बोलू नये? हे मी मनात धरून बसले होते. तुम्ही गेल्यावर तर विचारायचीही सोय राहिली नाही.

तुम्ही मला भरपूर बोललात असा दिवस एकच आठवतो. मी नववी-दहावीत असेन. तुमच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बायकांच्या मधे दाबून बसले होते. मला गाडी लागते हे तुम्हाला माहीत होतं, पण भाड्याची माणसं भरलेली, मी कशाला बोलते? बाळापूरच्या पुढे एका अनोळखी बाईच्या लुगड्यावर मला उलटी झाली. तुम्ही गाडी थांबवली, खाली उतरलात आणि सगळ्यांदेखत ओरडलात, "सांगायला तोंड न्हाई का तुला? आं? काहून सांगत न्हाईस?" मग गाडीतल्या कॅनमधलं पाणी ओतून त्या बाईचा पदर तुम्हीच धुऊन दिलात आणि मला पुढे, खिडकीपाशी बसवलंत. हिंगोलीपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. मी मात्र तो राग पुढे कित्येक वर्षं नीट घडी घालून ठेवला होता.

तर होम थिएटरसोबत नवा टीव्हीही आला. दुपारी जावई तारा घेऊन बसले. या टीव्हीला मागे तिन्ही पिनांना जागा होती. त्यांनी लाल पिनेचं रबर काढलं, प्लास्टिक सोलून टाकलं, आतली पिन अजून नवीकोरी. ती टीव्हीत बसवली. मग टीव्हीतून आवाज बाहेर काढणाऱ्या दोन तारा रिसीव्हरच्या मागे लावल्या, पण चुकीच्या ओळीत, जिथून आवाज बाहेर जातो तिथे. चित्र हलतंय आणि खोली मुकी. त्यांची चिडचिड, माझा टोमणा, "थेटरात बसल्यावानी वाटतंय." शेवटी तारा आत जाणाऱ्या आवाजाच्या भोकांत गेल्या, टीव्हीचा स्वतःचा आवाज शून्यावर केला. प्लेयरमध्ये आमच्या लग्नाचीच सीडी होती.

डाव्या स्पीकरमधून सनई आली. उजव्यातून ताटांचा खणखणाट. बाया बोलतायत, कुठेतरी कोंबडा ओरडतोय, लेकरू रडतंय. शूटिंगवाल्यानं सनई एका बाजूला घातली होती आणि मांडवातला खरा आवाज दुसऱ्या बाजूला तसाच सोडून दिला होता. इतकी वर्षं तो लाल पिनेवरच्या प्लास्टिकच्या तुकड्यात बांधलेला. मला अजून हे उमगत होतं, तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून तुम्ही म्हणालात, "अगं, पानी आन बरं लेकरायला!"

"व्हय, आनते!" माय स्वयंपाकघरातून म्हणाली.

ती तेव्हा आमच्याकडे आलेली होती, आत भाकरी थापत होती. तिनं विचार केलाच नाही, अण्णा. पिठाच्या हातानं तांब्या भरून ती बाहेर आली आणि खोलीत मधोमध उभी राहिली. उजव्या स्पीकरकडे बघत. तांब्या कुणाला द्यायचा ते तिला कळेना. मला आयुष्यात इतकं भ्यायला कधी झालं नाही, आणि इतकं बरंही कधी वाटलं नाही. मग ती म्हणाली, "इतके साल कुठं व्हते हे?"

जावई सीडी बंद करायला उठले. ती म्हणाली, "न्हाई. चालू द्या."

म्हणून पाठवणीपर्यंत आम्ही बसून राहिलो. तुम्ही त्या दाराशी गेलात, आत वाकलात, पाठ आमच्याकडे. डावीकडे सनई, उजवीकडे रडारड, आणि रडारडीच्या खालून तुमचा दबका, घसा बसलेला आवाज: "बाई, तेवढं तिला खिडकीपाशी बसवा. तिला गाडी लागती. ती सांगायची न्हाई."

खिडकी मला जावयांच्या आत्यानं दिली होती. मी गाडीत चढले तेव्हा ती आपण होऊन सरकली होती आणि मी तिला फार मायाळू समजत आले. तिला मी जन्मभर दुवा दिला.

त्यानंतर माय आमच्याकडे राहिली तेवढे दिवस उजव्या स्पीकरजवळच बसायची. बातम्या लागल्या तरी कान तिकडेच. सीडी लागली की तुमच्याशी बोलायची, काही विचारायची, थांबायची. तुम्ही पाणी मागायचात. दर वेळी पाणीच मागायचात. मला ते ऐकवेना, पण तिला नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. फाट्यावर परत गेल्यावरही फोनवर विचारायची, "हायेत का तिथं?" मी हो म्हणायचे. आता ती सीडीही पंगतीच्या पुढे जात नाही, चित्राचे चौकोन होतात आणि तुम्ही तोंड उघडं ठेवून थांबता. मायही गेली. खिडकीचं ते वाक्य आता फक्त माझ्याकडे आहे, आणि रोज तपासून पाहते, ते तुमच्याच आवाजात आहे ना.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. पाठवणीच्या त्या दिवशी कळमनुरीच्या अलीकडे मला गाडी लागलीच होती, अण्णा. खिडकी होती म्हणून निभावलं. मी कुणाला सांगितलं नाही.