फ्लॅटहेडच्या वाटेवरचे चार शनिवार

बुधवार, ३० जानेवारी
सासरेबुवा ऑरिन यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन एक मार्चला. त्यानंतर स्की कायमचं बंद, असं डॉक्टर म्हणाले. ऑरिनचं वय चौऱ्याहत्तर. इच्छा एकच: जावयाबरोबर एकदा डोंगराच्या माथ्यावरून खाली यायचं. लग्नाआधी मी त्यांना सांगितलं होतं की कॉलेजात मी स्की करायचो. तसं कॉलेज डोंगराच्या पायथ्याशीच होतं. हाताशी चार शनिवार आहेत. भरपूर झाले.

शनिवार, २ फेब्रुवारी
सकाळी सातला बायको, ऑरिन आणि मी मिझूला गावातून निघालो. स्कीच्या डोंगरापर्यंत अडीच तासांचा रस्ता. रव्हालीचा चढ संपला आणि मिशनची डोंगररांग समोर आली. अशा वेळी गाडी पुढे दामटणारा मी नव्हे. थांबलो. मग नाइनपाइपच्या तळ्यांपाशी. मग पोल्सनच्या उतारावर, जिथून अख्खा फ्लॅटहेड तलाव दिसतो. आज धुकं. धुकं हटेपर्यंत थांबलो, तीन तास. बायको गाडीत झोपून गेली. पोहोचलो साडेतीनला, माथ्यावर नेणारी लिफ्ट चारला बंद. ऑरिन एकटेच एक फेरी मारून आले. मी सामान सांभाळलं. कुणीतरी थांबायला हवंच.

शुक्रवार, ८
संकल्प: उद्या वाटेत थांबणे नाही. आरशासमोर गुडघे वाकवून पाहिले. फॉर्म उत्तम.

शनिवार, ९
थांबलो नाही. फक्त पोल्सनहून तलावाच्या पूर्व काठाचा रस्ता धरला. तिकडे चेरीच्या बागा आहेत. ऑरिन म्हणाले, "चेरी जुलैत येते, लाईल." मी म्हणालो, नुसत्या फांद्यांनाही सौंदर्य असतं. मागून मार्लिस म्हणाली, "बाबा, याला एका फांदीवर बसवून आपण पुढे जाऊ या." बायकोला रसिकता कमी. फांद्या बघायला उतरलो, हे थांबण्यात धरत नाही. पोहोचलो पावणेचारला. ऑरिननी स्कीचे बूट गाडीतून बाहेरच काढले नाहीत. कॉफी घेतली. छान गप्पा झाल्या, म्हणजे मी बोललो.

शनिवार, १६
एकाच फोटोसाठी गोठलेल्या तळ्यावर चार पावलं गेलो. बर्फाची जाडी मी अचूक ओळखली होती. बर्फानेच ऐनवेळी कच खाल्ली. गुडघ्यापर्यंत पाण्यात. घरी परतावं लागलं, नाइलाज होता. ऑरिननी आपले कोरडे मोजे काढून मला दिले.

बुधवार, २०
मार्लिसने विचारलं, "तुला स्की येतं ना रे?" म्हणालो, प्रश्न येण्याचा नाही, सरावाचा आहे. तिने गाडीच्या किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. मग म्हणाली, शनिवारी गाडी मी चालवणार.

शनिवार, २३
ती कुठेही थांबली नाही. तलाव उजवीकडून झरझर मागे गेला. मी दोनदा "वा" म्हणालो. तिने वेग वाढवला. साडेनऊला पोहोचलो. आकाश निळंशार, सबब एकही नाही.

माथ्यावर लिफ्टमधून उतरलो तो आडवाच. उठलो, पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा ऑरिन शेजारी येऊन उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग, याआधी कितीदा केलंयस?"

म्हणालो, एकदाही नाही.

ते रागावले नाहीत. माझ्यासमोर तोंड करून, स्वतः उलटे सरकत, माझे दोन्ही हात धरून त्यांनी मला खाली आणलं. एरवी ते दहा मिनिटांत उतरतात. आज तीन तास लागले. खाली पोहोचेपर्यंत त्यांचा गुडघा सुजून टम्म झाला होता. पुन्हा वर जाणं शक्यच नव्हतं.

बाकावर बसल्यावर म्हणाले, "पहिल्याच शनिवारी सांगितलं असतंस, तर एव्हाना शिकवलं असतं रे तुला."

मी खाली वाकलो आणि त्यांचे बूट सोडवू लागलो.