टेपच्या दोन टिकल्या

राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर
१४ जून १९९७

प्रिय वसुअक्का,

परवा घरी पोचलो. अप्पांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, चप्पल आहे का म्हणून, आणि मग तुझं कार्ड हातात ठेवलं. दोनच ओळी. माझी टेप उचलून नेलीस ती परत दे, पुसून तिच्यावर शाळेतल्या मुलांची प्रार्थना भरायची आहे. तुझं पापनाशम बसनं तासाभराचं, येऊन देता आली असती. पण समोर आलो की मी भलतंच बोलतो, तू पान वाढतेस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितोय. तू हिंदीच्या परीक्षा देऊन ही देवनागरी अक्षरं शिकलीस, मी पुण्यात दुकानांच्या पाट्या वाचून. चुका सांभाळून घे.

टेपचं सांगतोच. आधी या वर्षातली माझी आवडती गाणी ऐक. सिनेमातली नाहीत, मोठ्या कंपनीची नाहीत. हल्ली घरोघर केबल आलीय, तरी काही वेडी माणसं आपली गाणी आपणच कॅसेटवर भरतात आणि वर पेननं नाव लिहून देतात. त्रिचीला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गुरुमूर्ती म्हणून कारकून आहेत, ते हार्मोनियमवर स्वतःची गाणी म्हणतात. एक आहे चुकीच्या गाडीत चढलेल्या पार्सलच्या पेटीचं. ती इतकी स्टेशनं पाहते की पुढे पत्त्यावर पोचायलाच तिचं मन होत नाही. मी खूप हसलो. त्यांनी विचारलं, तुझं गाव कुठलं? मी चहा सांगायला गेलो.

मग बंगळूर. तिथे कॅसेटच्या दुकानात चार महिने काढले. मालक भला, पण सकाळी आठला यायला सांगायचा, आणि आठ म्हणजे त्याच्याकडे आठच. श्रीलक्ष्मी नावाची कॉलेजातली मुलगी आपली कॅसेट ठेवायला यायची. तिच्या गाण्यात वीज जाते, शेजारी पहिल्यांदाच बाहेर येतात, एकमेकांची नावं विचारतात, वीज येते, सगळे आत जातात. एवढंच. अक्का, एवढ्याशा गोष्टीचं कुणी गाणं करावं, आणि आपल्या अंगावर काटा यावा! गिऱ्हाईक काहीही मागो, मी तेच लावायचो. नोकरी त्यातच गेली.

पण यादीत सगळ्यात वर जे आहे ते या दोघांचं नाही.

पुण्यात मी लाउडस्पीकरवाल्याकडे वायरी गुंडाळायचो आणि गिटार वाजवणाऱ्या चार पोरांच्या खोलीत झोपायचो. एका रविवारी दुपारी ते आपापल्या टेपा एकमेकांना ऐकवत होते. मी तुझी लावली. तुला न विचारता. कुणाला ऐकवू नको म्हणाली होतीस, तरी. सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला आलेली ती पुण्याची बाई आपल्याकडे जेवायला होती, आठवतं ना? तू वाढता वाढता टेपवरचं हेच तुझं गाणं गुणगुणत होतीस. ती म्हणाली, "ही मराठी म्हणजे तमिळला नऊवारी नेसवलीय." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर तू गायली नाहीस, आणि टेप कपाटाच्या तळाशी गेली, तिथूनच मी ती उचलली. बाईचं हसणं तू विसरली असतीस, माझं नाही.

त्या खोलीत कुणी हसलं नाही. कॉफीच्या पितळी फिल्टरवर तू चमच्यानं धरलेला ताल सुरू झाला आणि गिटारवाल्यांनी हात मांडीवर ठेवले. "डवऱ्यांत कॉफी निवाली, येतों म्हणोन गेला." डवरा म्हणजे काय, ते एकानं विचारलं, वाटी, म्हणालो. नागपूरच्या एका पोरानं तीनदा मागे नेऊन ऐकलं आणि म्हणाला, "आपण गिटार घेऊन बसतो, हिनं चमचा घेतला आणि सगळं सांगून टाकलं." मला इतका अभिमान वाटला की मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. परत आलो तर टेप चालूच होती. एरवी तुझा आवाज थांबला की मी बंद करायचो, पुढे कधी ऐकलंच नव्हतं. पुढे चपलांचा आवाज आहे. दाराची कडी. आणि माझा आवाज, "येतो अक्का." मग बराच वेळ तू बटण दाबलेलं नाहीस.

पोरांनी प्रत मागितली. अक्काला विचारल्याशिवाय नाही, म्हणालो, आणि दिली नाही. माझ्याकडेही नाही. आहे ती ही एकच, सोबत पाठवतोय. तिच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या मी आज चाकूनं मोडल्या, आता तिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून पट्टीचे दोन तुकडेही पाकिटात घातलेत, आणि प्रार्थनेसाठी एक कोरी कॅसेट. पट्टी लावायची की नाही, हे तूच ठरव. पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं येतोय. या वेळी कॉफी गरम असतानाच पिईन.

न विचारता टेप नेणारा, आता विचारायला येणारा,
तुझाच
अमरसिंह