टिकारामचा हात

४ नोव्हेंबर
आलो एकदाचा भिलाईत. स्मृती नगरात माडीवरची खोली मिळाली. खाली घरमालकीण सिंधुताई, नागपूरकडच्या, यजमान रेल्वेत होते. जवळच्या रसमडा गावातल्या कारखान्यात हिशेबाचं टेबल. नोकरी पक्की झाली की दिपाली आणि छोटी मोना गोंदियाहून येतील. पडद्याचा रंग कोणता, यावरून बायकोशी आत्ताच फोनवर भांडलो. मजा आली.

११ नोव्हेंबर
ऑफिसात आरोग्य तपासणी होती. इथली रीत झकास आहे. फर्स्ट एडवाला एकट्या टिकारामच्या हाताला पट्टा बांधतो आणि तोच बीपी सगळ्यांच्या नावापुढे लिहितो. हा टिकाराम डिस्पॅचला बसतो, अगदी थंड माणूस. मी पट्टा बांधून घ्यायला उठायला लागलो तर म्हणाला, "तुमी कावून उठता? माहा बीपी कधी वाढतच नाही." मीही हसून बसलो. पक्कं होण्याच्या आड काही यायला नको.

२३ नोव्हेंबर
भिंतीमागे कोणीतरी ठोकतं. उशीला कान लावला की सुरू. शेजाऱ्याला हीच वेळ सापडते! खाली जाऊन तक्रार केली. सिंधुताई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"त्या भिंतीच्या मांगं कोनीच नाही राहत, भाऊ. तिकडं मोकळं हाय."

चेहरा लाल दिसतो म्हणाल्या. यजमानांचं बीपीचं मशीन काढायला निघाल्या. ऑफिसात झालंय, नॉर्मल आहे, असं सांगून वर आलो. लोणचं, पापड आणि खिचडी खाल्ली. एकट्यासाठी कोण भाजी करतो.

२ डिसेंबर
ठोके ऑफिसातही आले. माझ्या खुर्चीमागे तर भिंतच नाही. मान जड, आकडे दोन-दोन दिसतात. कोणाला सांगू? माणसं चांगली आहेत, पण सुटी झाली की आपापल्या घरी जातात. दिपालीला सांगितलं तर रडेल. फार एकटं वाटतं.

९ डिसेंबर
माझ्या खुर्चीवर आधी दौलतराव बसायचे. एका दुपारी टेबलावर डोकं टेकलं, उठलेच नाहीत. टिकारामनेच सांगितलं. रिपोर्ट तर नॉर्मल होता, म्हणून हळहळला. मी विचारलं, कोणाच्या हाताचा?
तो आपल्या मनगटाकडे बघत बसला. मग उठून गेला.

रविवार, दुपार
ठोके वाढले. सहज मनगटावर बोटं ठेवली. भिंतीतला ठोका आणि हा— एकच.
भिंतीत कोणीच नव्हतं. मीच होतो.
खाली जाऊन आलो. कुलूप. ताई देवळात गेल्या असतील. येईपर्यंत लिहितो, नुसतं बसवत नाही—
दिपालीला फोन लावत होतो. हातातून पडला. पडदा तिच्याच पसंतीचा—
डावा हात उचलत नाही. नुसता पडलाय मांडीवर. माझाच आहे ना हा, की—
फाटक वाजलं. ताई आल्या. हाक मारतोय, पण तोंडातून