दहा मिलिव्होल्ट

२१ एप्रिल २०२४, रविवार

झालं एकदाचं! अ‍ॅम्प्लिफायरचे दोन्ही चॅनेल सेट केले. मीटर लावायचा, बायसचा, म्हणजे आत सतत वाहणाऱ्या करंटचा, स्क्रू केसभर फिरवायचा, अर्धा तास मशीन तापू द्यायचं, परत मोजायचं, परत फिरवायचं. शेवटी तापलेल्या मशीनवर आकडा दहा मिलिव्होल्टला थांबला. हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या पत्र्याला, हात लावला — गरम, पण हात टिकतो. त्यावर चिकटवलेला छोटा ट्रान्झिस्टर खरा राखणदार. सिंक तापला की तो करंट आवरतो. तो नसेल तर तापाने करंट वाढतो, करंटने ताप, की मशीन खलास.

अक्षयने पुढच्या पट्टीवर ‘अक्षय साउंड’ रंगवून आणलं. खाली बारीक अक्षरात माझं नाव घाला म्हटलं. एवढंच मागितलं. आयटीआय मी केलंय, याने फक्त माझ्याशी लग्न केलंय. तर म्हणे, “बाईच्या नावाचं मशीन भाड्यानं कोण नेतंय गो?”

२९ एप्रिल

दासगावच्या लग्नात सहा तास वाजलं, कुठे कुरकुर नाही. भागोजीकाका — माझे चुलत सासरे — म्हणत होते, अक्षयच्या हाताला गुण हाय. मी म्हटलं, मशीन मी बनवलंय. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने अक्षय.

हसा.

६ मे

शनिवारी गावची पूजा. अक्षयला आवाज वाढवून हवाय, म्हणून मशीन उघडून बसला. आत पंखा घालायला जागा पुरेना, तर पठ्ठ्याने राखणदारच सिंकवरून उपटला अन् वायरीवर लोंबकळत ठेवला! बायस वाढवला की आवाज वाढतो, हे याला कोणी शिकवलं देव जाणे. थंडगार मशीनवर दहाचे वीस केले. मीटर माझ्या नाकासमोर धरून विचारतो, यात कसली अक्कल लागते?

मी उठले. भाकऱ्या थापायला गेले.

८ मे

राखणदार परत सिंकवर चिकटव, असं अजून सांगता येईल. नाय सांगणार.

११ मे, शनिवार

पोलादपूरला चढावर आमचं गाव, तरी उकाडा मरणाचा. देवळात मशीनची पूजा झाली. हळदकुंकू, नारळ. वर सासूबाईंनी रीतीप्रमाणे नवी शाल घातली — नेमकी सिंकवर! वारा जायची तेवढी एक वाट, तीही बंद. मी दोन हातांवर उभी होते. काढली नाही.

जाखडीचा नाच सुरू झाला. पंधराव्या मिनिटाला वास आला. मला आधी आला, कारण मी वाट बघत होते. मग स्पीकर गुरगुरले, अन् मुंबईकरांनी गावच्या मंडळासाठी आणलेल्या नव्या जोडीतून धूर निघाला. नाच थांबला. अक्षयने शाल ओढली आणि मूर्खासारखा सिंकवर हात टेकला. तळव्याला टरारून फोड आले.

घरी मी मलम लावलं. सावकाश, दाबून. तो कळवळत होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१२ मे

सकाळी देवळापुढे बैठक बसली. स्पीकर कोणी जाळले, मंडळाने विचारलं. अक्षय पट्टी बांधलेला हात धरून उभा राहिला.

“मशीन मी नाय बनवलं. माझ्या बायकोनं बनवलंय. रूपालीनं.”

कोणी हसलं नाही. सगळ्यांना लगेच पटलं.