मुराळी भलतीलाच घेऊन गेला

जुन्नर, ता. ७ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप दादांस,
इंद्रायणीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

माझी प्रकृती विचारता; ती ठीक आहे, डोके मात्र ठिकाणावर नाही. गावात मानमोडीच्या तापाने घरोघर माणसे आडवी झाली आहेत आणि आमची मुलींची शाळा चालूच आहे. डिप्टीसाहेब तपासणीला येणार, मुली कमी दिसल्या तर ग्रँट जाईल, म्हणून कमिटीचे अध्यक्ष फतेचंद शेठ शाळा बंद करू देत नाहीत. मुली खोकत येतात आणि माझ्याच पदराला नाक पुसतात.

सातवा महिना लागला म्हणून मी रजेचा अर्ज केला. शेठजींनी अगदी मायेने समजावले, की रजा आजारपणाची असते आणि बाळंतपण हा काही आजार नव्हे. मला ताप आला तर ते त्याच दिवशी रजा देणार आहेत! तो येऊ नये म्हणून मात्र मिळायची नाही. न विचारता गेले तर जागा गेली. हे पलटणीबरोबर बसऱ्याला. सासूबाई आणि मी माझ्या पगारावरच आहोत. त्याच संध्याकाळी शेठजींच्या सज्जनबाईंनी माझ्या डोहाळ्यांसाठी घेवर पाठवले. या माणसांवर रागवावे तरी कसे?

वहिनींस नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची,
इंद्रायणी

शिनोली, ता. ११ ऑक्टोबर

चि. सौ. इंद्रायणीस,
चिमाजीचे अनेक आशीर्वाद.

अर्ज कसले करत बसलीस? पहिलटकरणीला न्यायला माहेरचा मुराळी आला, की त्याला रिकामा परत पाठवण्याची कुणाची छाती होत नाही. तुझ्या सासूबाईंची कधीच ना नव्हती. अडवते आहे ती शाळा. तेव्हा मी गाडी थेट शाळेच्या दारात आणतो. तेच तुझे सासर समजतो. शेठजी मारवाडी असले तरी त्यांचे वाडवडील जुन्नरात मुरले. मुराळ्याचा मान त्यांना कळतो. वहिनीने माजघर सारवून ठेवले आहे. उगाच हट्ट करू नकोस.

तुझा दादा,
चिमाजी

जुन्नर, ता. १७ ऑक्टोबर

तीर्थरूप दादांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

माझ्याशी एक शब्द न बोलता तुम्ही बैल हाकलेत. बरोबरच आहे. शेठजींनी मान तुकवली, सज्जनबाईंनी ओटी भरली, आणि गाडीत मी बसवले भागूला! दारात माणसे जमली होती, म्हणून कारण सांगता आले नाही.

भागू ही आमची मुली बोलावणारी. रोज सकाळी घरोघर शिरून मुलींना हाताला धरून आणते. तिचे दिवस माझ्याहून पुढे गेलेले. लुगड्यात पोट लपवून ती तापाच्या घरांत जात होती. मी थांब म्हटले तर म्हणाली, की बाय, आमाला कसली रजा, न्हाई गेलं तर खायाचं काय? नवरा गेला, माहेरही उरले नाही. तिला न्यायला कोण येणार होते?

आणि दादा, मी गेले असते तर शेठजींनी माझ्या जागी दुसरी बाई आणून बसवली असती. बोलावणारी नसली, की इथली एकही मुलगी घराबाहेर पडत नाही, आणि या दिवसांत ते काम पत्करायला कुणी तयार नाही. शेठजींना वाटले, मास्तरीण राहिली म्हणजे शाळा राहिली. आता मी रिकाम्या वर्गात बसते. कुणी खोकत नाही.

राग निवला, की दोन ओळी लिहाव्या.

तुमची,
इंद्रायणी

शिनोली, ता. २३ ऑक्टोबर

चि. सौ. इंद्रायणीस अनेक आशीर्वाद.

तुझी भागू रविवारी बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. चिमाजी बहिणीला आणायला गेला आणि भलतीलाच घेऊन आला, म्हणून गावभर माझी थट्टा चालली आहे. भागू तिसऱ्या दिवशीच झाडू मागू लागली, तेव्हा वहिनीने दटावून निजवले. जागा गेली का, एवढेच सारखे विचारते. मी अजून रागावलेलो आहे, हे ध्यानात ठेव. आणि तू कधी येतेस, ते एकदा सांग.

तुझा दादा,
चिमाजी

जुन्नर, ता. २८ ऑक्टोबर

तीर्थरूप दादांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

शेठजी आत्ताच येऊन गेले. डिप्टीसाहेब येत्या आठवड्यात येणार, म्हणून त्यांनी तोड काढली आहे. मला रजा, जागाही कायम; पण आधी मी भागूला ताबडतोब परत बोलवायचे. म्हणजे ओल्या बाळंतिणीने पोर पदराखाली घेऊन तापाच्या घरोघर फिरायचे आणि मी माजघरात लोळायचे! तिलाही रजा द्या म्हटले तर म्हणाले, की बाळंतपण हा आजार नव्हे, हे मागेच ठरले आहे. पत्र लिहिले नाही तर दोघींच्याही जागा गेल्या. ते आजच्याच टपालात पडले पाहिजे, असे बजावून गेले.

हे तेच पत्र. भागूला वाचून दाखवा, की शाळेचे बोलावणे आले आहे आणि तिने मुळीच येऊ नये.

मला फार भीती वाटते, दादा. पुढे आम्ही काय खायचे ते सुचत नाही. पण गाडी पाठवा. या खेपेस मी बसेन, सासूबाईंनाही आणेन.

तुमचा लोभ मला ठाऊक आहे; तो आता बैल जुंपून दाखवावा.

तुमची,
इंद्रायणी