काँक्रीटखालचा द्राक्षमळा

रोम, १९ ऑक्टोबर २०१९

फुल्व्यो,

आशीर्वाद लिहून सुरुवात करायची सवय आहे, पण आज तो हातून उतरत नाही. आईचं बरं चाललंय. गुडघा दुखतो, तरी बाजारात स्वतः जाते. तू पाठवलेली औषधं पोचली.

गेल्या रविवारी तिच्या वाढदिवसाला तू मला आग्रहाने वाढत होतास. "ताई, अजून एक तुकडा घे. कॉफी घेतल्याशिवाय उठायचं नाही हं!" तुझा फोन तीनदा वाजला. आईने विचारलं, "एवढं कोण बोलावतंय रे?" तू हसून म्हणालास, "अगं, पोरं मॅचचा स्कोअर कळवतायत."

स्कोअर! तुझा पोकलेनवाला कळवत होता, किती चर उखडले ते.

सोमवारी सकाळी प्रेनेस्तीना रस्त्यावरच्या उत्खननाच्या साइटवर पोचले तर ओलं काँक्रीट. माझी मदतनीस निविया कडेला उभी राहून रडत होती. सात आठवडे त्या मुलीने ब्रशने माती झाडली होती. तांबूस दगडात खोदलेले अकरा सरळ चर, प्रत्येकात द्राक्षवेलांच्या मुळांनी पाडलेली भोकं, आणि पाचव्या चरात छाटणीचा गंजलेला कोयता. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे उन्हात वाकून दगड फोडला होता, घावांच्या खुणा ताज्या वाटाव्यात इतक्या स्पष्ट होत्या. दुसऱ्या टोकाचे चार चर उरलेत. बाकीच्यांवर तुझं पार्किंग.

आणि हे करायला तुला दिवस मिळाला तो माझ्यामुळे. शुक्रवारी मीच फोन केला होता, "मंगळवारी पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहणीला येतायत, तोवर हात लावू नकोस." भाऊ म्हणून सांगितलं. तू ठेकेदार म्हणून ऐकलंस.

सोमवारी फोनवर मी ओरडले तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "शेताचे खड्डेच होते ना? देऊळ असतं तर गोष्ट वेगळी. आणि आवाज चढवू नकोस, ताई. त्या विहिरीच्या वेळी कुठे गेला होता तुझा आवाज?"

मी फोन ठेवला.

विहिरीचं आपण नऊ वर्षांत एकदाही बोललो नाही. तुझ्या पहिल्याच इमारतीचा पाया. खाली रोमन काळातली विहीर होती, शेजारी पाण्याचा दगडी हौद, भाजीच्या वाफ्यांना जाणारा पाट. काम थांबलं असतं तर तू बुडाला असतास, आणि तुझ्या बायकोला, लिव्हियाला, सातवा महिना होता. तू माझ्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसलास. मी अहवालात लिहिलं, "उल्लेखनीय काही आढळले नाही." सही केली. तू माझे हात धरून रडलास. मला वाटलं, हे उपकार तू जपशील. तू ते शस्त्र म्हणून जपलंस.

तुझ्यावर संतापले आहे, फुल्व्यो, इतकी की लिहिताना कागद फाटतो. पण तुला हे शिकवलं कुणी? शेतकऱ्याच्या खुणा पुसल्या तरी चालतं, हे आधी मीच सही करून सांगितलं.

काल मी खात्यात जाऊन लेखी जबाब दिला. रविवारचं सगळं, आणि विहिरीचंही. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "हे दुसरं पान तुम्हाला खरंच जोडायचं आहे?" मी जोडलं. माझा उत्खननाचा परवाना तिथेच जमा करून घेतला. तीस वर्षांचं काम, पावतीसुद्धा मागितली नाही. तुझं काम थांबवल्याची नोटीस सोमवारी तुझ्या हातात पडेल. काँक्रीट फोडणार आहेत. खाली काही उरलं असेल, असं मला वाटत नाही.

वकिलाला सांग, बहिणीने सूड घेतला. हवं ते सांग. फक्त "खड्डे" म्हणू नकोस.

आईला मी काही बोललेले नाही. माझा वाटा मी उद्या तिच्यासमोर बसून सांगणार आहे. तुझा तू सांग. ती तुला दारातून परत पाठवणार नाही. पाठवलं असतं तर तुला सोपं गेलं असतं.

इतकं होऊनही तुझी बहीणच,
एर्सीलिया